वूचचें रंगीत दालन



पोलंडमधील वूच हें सुती गिरण्यांवर वाढलेलें शहर. (आपल्या नकाशांत तें लोद्झ म्हणून सांपडेल, पोलिश भाषेंत या शब्दाचा अर्थ होडी.) अशा भोंग्यांच्या नगरींत १९३१ च्या फेब्रुवारींत अगदीं नव्या, प्रयोगशील कलेचा एक संग्रह नगर-संग्रहालयांत लोकांस खुला झाला. त्यांतील कृति पैसे मोजून घेतलेल्या नव्हत्या. व्लादिस्लाव स्त्शेमिन्स्की हा पहिल्या महायुद्धांत एक हात व एक पाय गमावलेला चित्रकार. त्यानें, त्याची शिल्पकार पत्नी कातझिना कोब्रो हिनें आणि हेन्रिक स्ताझेव्स्की प्रभृति स्नेह्यांनीं आर्प, लेजे, श्विटर्स, व्हान डूसबर्ग यांच्या दारची ही माधुकरी मागून आणली होती.

पुढें जर्मन आक्रमण आलें. १९४५ मध्यें, मुलीपुरतें अन्न शिजावें म्हणून, कोब्रोनें आपलीं लांकडी शिल्पें चुलींत घातलीं.

१९४८ मध्यें संग्रहालय एका गिरणीमालकाच्या प्रासादांत नव्यानें उघडलें. तेथील एका दालनाची रचना स्त्शेमिन्स्कीनें केली. भिंतींवर व छतावर तांबडे, पिंवळे, निळे, काळे, करडे आणि पांढरे चौकोन. त्यांमध्यें कोब्रोचीं शिल्पें आणि व्हान डूसबर्गच्या पंथाचीं चित्रें. दोनच वर्षें तें टिकलें. १९५० मध्यें, सरकारमान्य वास्तववादाखेरीज दुसरी कला नको असें ठरल्यावर, त्या भिंतींवर रंग फिरविण्यांत आला. स्त्शेमिन्स्कीची अध्यापकाची जागाहि गेली, आणि १९५२ च्या अखेरीस तो वारला. १९६० मध्यें त्याचा शिष्य बोलेस्लाव उत्किन यानें तें दालन पुन्हां रंगविलें. असा शिष्य किती गुरूंना लाभतो?

१९८१ मध्यें जर्मन कलावंत योसेफ बॉइस आपल्या शेंकडों कृतींनीं भरलेली पेटी घेऊन वूचला आला व ती त्यानें संग्रहालयास देऊन टाकली. जुन्या माधुकरींत पन्नास वर्षांनीं पडलेली ही भर!

२०१० च्या सुमारापासून तर संग्रहालयच हयात कलावंतांना या दालनाशेजारीं आपापलें उत्तर मांडण्यास बोलावूं लागलें. पूर्वसूरींच्या कृतीपाशीं अशी लुडबूड कशाला, असा आक्षेप कोणी घेतील. मला तो पटत नाहीं. पुन्हां रंगविलेलें दालन नुसतें जपून ठेवलें तर ती नक्कलच राहील. आणि मूळ दालन तरी काय होतें? दुसऱ्यांच्या चित्रांना स्त्शेमिन्स्कीनें भिंतींवरून दिलेलें तें उत्तरच होतें. फ्रान्सच्या दानिएल ब्यूरेननें तेथें फुटून विखुरल्यासारखी एक झोपडी रचली आणि ती १९८८ मध्यें वारलेल्या स्ताझेव्स्कीस वाहिली. ती आहे काळ्या-पांढऱ्या कापडाची.