पहारेकरीच वाट अडवतो तेव्हा

१/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्डांचे. त्या मार्गावरून सेकंदाला ३२,००० बिट जात. ते अचानक ४० बिटांवर आले. कोठेही तार तुटली नव्हती, यंत्रे सुरू होती आणि वेग मात्र ८०० पटींनी घटला होता.

२/ व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी याचा छडा लावला. पोच वेळेत आली नाही की संगणक तेच पॅकेट पुन्हा धाडत. गर्दीमुळे पोच लांबे, पोच लांबल्याने गर्दी वाढे. १९८८ च्या निबंधात त्यांनी उपाय मांडला : आरंभ सावकाश करावा, पोचेच्या अपेक्षित वेळेचा अंदाज सुधारावा आणि मार्ग भरल्यावर जुने पॅकेट बाहेर पडले तरच नवे आत सोडावे. दोष तारेत नव्हता, पाठवणाऱ्याच्या अधीरतेत होता.

३/ त्याच १९८६ साली जोनाथन टर्नर यांनी ‘गळक्या बादली’ची कल्पना मांडली. तिच्याच कुळातली ‘टोकन बादली’ पुढे रूढ झाली. बादलीत ठरलेल्या गतीने टोकने पडतात. जितकी टोकने, तितकेच बाइट बाहेर. बादली भरली की जादा टोकने वाया जातात. या नियमनाला ट्रॅफिक शेपिंग म्हणतात.

४/ जाळी वेगवान झाली तशी ही बादलीच अपुरी पडू लागली. सेकंदाला १,००० ठोके देणारे घड्याळ धरू. बादलीत १ लाख बाइट मावत असतील आणि ती दर ठोक्याला एकदाच रिकामी होत असेल, तर सेकंदाला १० कोटी बाइट, म्हणजे ८०० मेगाबिट, ही तिची कमाल. कागदावर १० गिगाबिट लिहिले तरी फरक पडत नाही. त्यासाठी बादली साडेबारा लाख बाइटांची हवी.

५/ दुसरा अडसर आकड्याचा होता. लिनक्समध्ये हा दर सेकंदागणिक बाइटांत, ३२ बिटांच्या घरात नोंदला जाई. त्या घरात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे सुमारे ३४ गिगाबिट. ४० गिगाबिटचे कार्ड बसवले तरी तो दर लिहायलाच जागा नव्हती. पुढे ६४ बिटांचे घर आले तेव्हा ही मर्यादा सरली.

६/ तिसरा अडसर सर्वांत फसवा. चेक प्रोग्रामर मार्टिन देवेरा यांची ‘एचटीबी’ ही पद्धत २००२ साली लिनक्समध्ये आली. तिच्यात दरांची वंशवृक्षासारखी उतरंड असते, पण साऱ्या वृक्षाला कुलूप एकच. १०० गिगाबिटच्या वाटेवर १,५०० बाइटांचे पॅकेट दर सुमारे १२३ नॅनोसेकंदांनी सुटायला हवे. तेवढ्या अवधीत प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच किल्लीसाठी खोळंबतात.

७/ निदानाची रीत साधी आहे. आधी शेपिंग काढून वेग मोजावा. तो वाढला, तर तार आणि कार्ड निर्दोष. मग शेपिंग लावून, बादली मोठी करून पाहावे. तरीही वेग वाढत नसेल आणि गाभे वाढवल्यावर उलट घटत असेल, तर रांग कुलपापाशी लागली आहे असे समजावे.

८/ उत्तर जुन्या कल्पनेत सापडले. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले जॉर्ज व्हर्गीज आणि टोनी लॉक यांनी १९८७ साली ‘कालचक्र’ मांडले होते : वर्तुळात काळाचे कप्पे, काटा ज्या कप्प्यावर येईल त्यातले काम करायचे. २०१७ साली गुगलच्या अभियंत्यांनी ‘कॅरोसेल’मध्ये प्रत्येक गाभ्याला स्वतःचे चक्र दिले. पॅकेटवर सुटण्याची वेळ लिहायची, त्याला त्या वेळेच्या कप्प्यात ठेवायचे. सामाईक कुलपाची गरजच संपली.

९/ २०१८ साली माँट्रियलच्या नेटडेव्ह परिषदेत हाच विचार पुढे नेणारे वक्ते होते व्हॅन जेकबसन. पॅकेट शक्य तितक्या लवकर हाकलण्याऐवजी त्याला सुटण्याची वेळ नेमून द्यावी, असे त्यांनी सुचवले. त्याच वर्षाअखेर लिनक्सने ही रीत स्वीकारली.

१०/ या बत्तीस वर्षांत तारा हजारो पटींनी वेगवान झाल्या. अडथळा मात्र कधी पाठवणाऱ्याच्या घड्याळात निघाला, कधी बादलीत, कधी आकड्याच्या घरात, तर कधी रक्षणासाठी लावलेल्या कुलपात. म्हणून वेग खुंटला की नवी तार मागवण्याआधी पहारेकऱ्याची झडती घ्यावी.