सदतीस किलो मीठ

ठाण्यापासून कल्याणपर्यंत इंजिनिअरिंगच्या मुलांबद्दल एक मत सर्रास ऐकू येतं. गणित ज्याचं त्यानेच सोडवावं. दुसऱ्याला विचारलं की विद्या उसनी झाली. मोबाइलवर प्रश्नाचा फोटो काढला की सोडवलेलं उत्तर समोर येतं, तेव्हापासून हे मत जास्तच ठाम झालं आहे. दाखल्याला शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकर ठरलेले: रस्त्याच्या दिव्याखाली एकट्याने अभ्यास करणारा गरिबाघरचा मुलगा.

हा पूर्वपक्ष हलका नाही. असाइनमेंट एकाने लिहायची आणि बाकीच्यांनी सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवायची, ही रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. गणिताच्या एम-टू पेपरात नापास होऊन केटी लागते, तेव्हा या उतरवण्याची किंमत मोजावी लागते. उतरवण्याची बाजू मी घेणार नाही.

पण विचारणं आणि उतरवणं एकाच मापाने मोजायचं, तिथे हे मत चुकतं. दाखला तर उलट्या बाजूचाच आहे. दिव्याची गोष्ट खरी. मात्र माशेलकर स्वतः गिरगावातल्या युनियन हायस्कूलच्या भावे सरांचीही गोष्ट आवर्जून सांगतात. भिंगातून सूर्याचे किरण एका बिंदूवर आणून सरांनी कागद जाळून दाखवला होता. पुढे माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, माशेलकरांनी 1969 साली पीएचडी मिळवली ती प्रा. एम. एम. शर्मांच्या मार्गदर्शनाखाली. शिकवणारं, वाट दाखवणारं माणूस या दोन्ही टप्प्यांवर त्यांच्यासोबत होतं.

परवा आमच्या इमारतीतला, केमिकलच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा वही घेऊन आला. टाकीत 1000 लिटर पाणी, त्यात 50 किलो मीठ विरघळलेलं. मिनिटाला 10 लिटर गोडं पाणी आत येतं, नीट मिसळतं आणि 10 लिटर बाहेर जातं. अर्ध्या तासाने मीठ किती उरेल? त्याने लिहिलं होतं: मिनिटाला अर्धा किलो जातं, तीस मिनिटांत 15 किलो, उरलं 35. पुस्तकाच्या मागे उत्तर 37.04. चार वेळा तपासूनही त्याला चूक सापडली नव्हती, कारण गुणाकारात चूक नव्हतीच.

इंटिग्रेशन पानभर करून दाखवणं मला सोपं होतं, आणि त्याला ते येतही होतं. मी एवढंच विचारलं, “एकोणतिसाव्या मिनिटाला बाहेर पडणारं पाणी पहिल्या मिनिटाइतकंच खारट असेल का रे?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग ‘अर्धा किलो’ खोडून त्याने लिहिलं, ‘त्या क्षणी टाकीत असेल त्या मिठाचा शंभरावा भाग’. पुढचं त्याचं त्याने केलं. एकोणतिसाव्या मिनिटाला मीठ बाहेर जाण्याचा वेग मिनिटाला जेमतेम 374 ग्रॅम असतो, हेही त्यानेच काढलं.

माझं सगळं म्हणणं या खोडलेल्या दोन शब्दांत आहे. आकडेमोडीतली चूक एकट्याला सापडते. गृहीतातली चूक सापडत नाही, कारण तपासतानाही आपण तेच गृहीत धरून तपासतो. तिथे दुसरा माणूस लागतोच. मोबाइलने त्याला 37.04 पायऱ्यांसकट दिलं असतं. पण आपलं 35 पुढे ठेवून ‘हे कुठे चुकलं?’ असं त्याने विचारलं नसतं, तर ते 35 डोक्यात तसंच राहिलं असतं. आपला प्रयत्न पुढे ठेवून यंत्राला विचारलं, तरी माझी हरकत नाही.

दुसऱ्याकडून समजून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांची लीलावती 1150च्या सुमाराची. तिच्यात सूत्र येतं आणि त्यापाठोपाठ उदाहरण. तरी जवळजवळ चारशे वर्षांनी, 1545 साली, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांना तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहावीशी वाटली आणि सूत्रं खरी का, याच्या उपपत्ती त्यांनी दिल्या. मूळ ग्रंथ एकट्याने वाचून पुरत असता तर टीकांची परंपरा उभीच राहिली नसती.

आणखी एक गोष्ट मला डाचते. ज्याचे आईवडील इंजिनिअर, त्याला जेवणाच्या टेबलावर मदत मिळते. तिला संस्कार म्हणतात. कल्याण पूर्वेच्या चाळीतली मुलगी लोकलमध्ये सीनिअरला तोच प्रश्न विचारते, तेव्हा तिला परावलंबी म्हणतात.

डोंबिवलीला तर हा विषय परीक्षेपुरता ठेवणं परवडणार नाही. 26 मे 2016 आणि 23 मे 2024, दोन्ही दिवशी एमआयडीसीतल्या कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, लांबवरच्या घरांच्या काचा फुटल्या. त्यांच्या कारणांबद्दल मी इथे बोलत नाही. पण उष्णता सोडणाऱ्या अभिक्रियेत तापमान चढलं की उष्णता तयार होण्याचा वेग झपाट्याने, घातांकी वाढत जातो, आणि थंड करणारं पाणी ती साधारण सरळ रेषेतच काढून नेतं. वेग कायम धरण्याची जी चूक टाकीत दोन किलो मिठाची असते, ती रिअ‍ॅक्टरवर जिवाशी येते. म्हणूनच या धंद्यात हॅझॉप नावाची बैठक असते. निरनिराळ्या कामांतली माणसं आराखडा मांडून एकेका पाइपाबद्दल विचारत जातात: प्रवाह थांबला तर? वाढला तर? उलटा फिरला तर? आपलं गणित दुसऱ्यापुढे ठेवायची लाज वाटणारा इंजिनिअर तिथे काय करणार?

मुलगा वही मिटून निघाला होता. दारात चप्पल घालताना वळला आणि म्हणाला, “काका, आत येणारा नळच बंद पडला आणि बाहेरचा चालू राहिला तर?”

त्याला परत आत बोलावलं. खारटपणा तोच राहतो, टाकी रिकामी होत जाते. पण हे मी सांगितलं नाही. त्याने वहीचं नवं पान उघडलं.