मायस्पेस : हरवलेली गाणी आणि उरलेल्या प्रती
१/ २००३ साली सुरू झालेल्या ‘मायस्पेस’वर असंख्य होतकरू कलावंतांनी आपली गाणी ठेवली. श्रोते ती तेथेच ऐकत. जतनाचा भार मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होता.

२/ मार्च २०१९ मध्ये उघड झाले, की सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुन्या फाइल्स गेल्या. बारा वर्षांचे संगीत लुप्त झाले.

३/ सुदैवाने २००८ ते २०१० दरम्यान काही संशोधकांनी अभ्यासासाठी सुमारे ४,९०,००० गाणी उतरवून घेतली होती. एप्रिल २०१९ मध्ये ती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर खुली झाली.

४/ स्ट्रीमिंग ऐकण्याची मुभा देते, मालकी नव्हे. फोनमधली एकुलती फाइलही फोनबरोबर जाते. जुन्या पोथ्या नकलांमुळे तरल्या. गाण्यांचेही तसेच आहे. आवडते गाणे दोन ठिकाणी जपा.