पाण्यामागचे पहारेकरी

नळ सोडला की पाणी येते. त्यामागे किती पिढ्यांचा अनुभव आहे, हे सहसा मनात येत नाही.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, फडक्याने गाळून घ्यावे, हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. परंतु नितळ पाणीही जीव घेते, हे जगाला फार उशिरा उमगले. १८९२ साली जर्मनीतील हॅम्बर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच एल्ब नदीचे, तेही खालच्या अंगाचे पाणी पीत असे. पण ते वाळूतून गाळलेले असे. म्हणून ते गाव बहुतांशी बचावले.

तेच ज्ञान आज आपल्या जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात राबते. बारवी धरणाचे पाणी तेथे शुद्ध होते. आधी तुरटी, मग संथ टाकीत गाळ बसवणे, नंतर वाळूचे थर, शेवटी क्लोरीन. यांतली एक पायरी ढिली पडली की पुढची व्यर्थ. गढूळपणा उरला, तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो आणि जंतू गाळाआड लपतात. म्हणूनच पावसाळ्यात नदी तांबडी झाली की तुरटीचे प्रमाण पुनःपुन्हा पारखावे लागते. हे काम नुसत्या यंत्राचे नव्हे, जाणत्या कामगाराचे.

नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा, असा दंडक आहे. तो मंद वास म्हणजे पहारेकरी जागा असल्याची खूण. घरची टाकी महिनोन्महिने धुतली नाही, तर मात्र तो उंबरठ्याशीच थकतो. तिथून पुढचा पहारा आपला!