चौघडीची कुळकथा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेल्या पांघरुणाला गोधडी किंवा वाकळ म्हणतात. तिचा झटपट शिवून होणारा, म्हणून दानासाठी सोयीचा जो प्रकार आहे, त्याचे कूळ शिवणयंत्रापेक्षा पुष्कळ जुने असून ते ‘चौघडी’ या शब्दातच सापडते. दोन पदरांचे ते दुपटे, चार घड्यांची ती चौघडी. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असते आणि त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरांहून थोडी अधिक लांबी उरते, म्हणजे कात्री न लावता माणसाच्या उंचीचे पांघरूण हाती येते; मग पोटात चिंध्या सारख्या पसरून, कडेपासून आत चौकोनी फेरे घेत लांब टाके टाकले की काम उरकते. ठिगळांची नक्षी ही गोधडीची शोभा खरी, पण तिची खरी हुशारी या घडीत आहे.

जीर्ण वस्त्राला मान देण्याची परंपरा या भूमीत जुनीच आहे. टाकलेल्या चिंध्या जोडून केलेल्या बौद्ध भिक्षूंच्या चीवराला पांसुकूल म्हणत, महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) विठ्ठल आपला शेला मागे ठेवून जनाबाईची वाकळ पांघरून जातो, आणि गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) तर अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे लोक गोधडेबुवाच म्हणत.

दौंड तालुक्यात सुई आणि आधार यांची सांगड पंडिता रमाबाईंनी घातली. १८९६–९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली व स्त्रिया त्यांनी केडगावी आणल्या आणि तेथील मुक्तिसदनात त्यांना आसऱ्याबरोबर विणकाम, शिवणकाम व छपाईही शिकवली. घेणाऱ्याच्या हाती कसबही द्यावे, हा विचार नुसत्या वस्त्रदानाहून निश्चितच थोर होता.

भीमा आणि घोड नद्यांच्या काठी ऊस वाढला, पाटस व न्हावरे येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि दरवर्षी ऊसतोडणीला येणाऱ्या कुटुंबांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या तात्पुरत्या झोपड्या, शिवारात दिसू लागल्या. थंडीत उघड्या रानात निजणाऱ्या या लेकरांइतकी गोधडीची गरज दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. आता घरोघरी सहावारी साड्या निघतात, आणि साडेपाच मीटरांच्या साडीच्या तीनच घड्या बसतात, त्यामुळे दोन साड्या घेऊन सहा पदर करणे बरे. कृत्रिम धाग्याची साडी निसरडी असल्याने तिला टाके जवळजवळ घालावे लागतात, शिवाय ती घाम शोषत नाही, तेव्हा अंगाकडच्या बाजूला धुतलेले सुती जुनेरच लावावे. तोडणीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात. देणाऱ्यांनी त्याआधीच गोधड्या शिवून ठेवाव्यात.