सेलेनियमयुक्त अळिंबीतील बहुशर्करा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विष म्हणून कुप्रसिद्ध झालेले द्रव्य पुढे जीवनावश्यक ठरावे, अशी उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासात आढळतात. सेलेनियम हे त्यांपैकी एक होय. अळिंबीतील बहुशर्करांशी त्याची सांगड कशी घातली गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सेलेनियम : विष ते पोषकद्रव्य
१८१७ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियस यांनी हे मूलद्रव्य शोधले. १९३० च्या दशकात अमेरिकेतील दक्षिण डाकोटात जनावरांचे केस गळणे व खूर विकृत होणे या रोगाचे मूळ चाऱ्यातील सेलेनियममध्ये सापडले. १९५७ मध्ये मात्र श्वार्ट्झ व फोल्ट्झ यांनी त्याच्या अत्यल्प मात्रेने उंदरांचा यकृतविकार टळतो, असे दाखविले. १९७३ मध्ये ते ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा घटक असल्याचे सिद्ध झाले. चीनमध्ये केशान हा हृदयरोग सेलेनियमच्या अभावाशी, तर एन्शी येथील विषबाधा त्याच्या अतिरेकाशी निगडित आढळली.

लेंटिनानचा शोध
१९६९ मध्ये जपानच्या गोरो चिहारा व सहकाऱ्यांनी शिताके अळिंबीतून लेंटिनान ही बहुशर्करा वेगळी केली. तिच्या बीटा-१,३ मुख्य साखळीतील दर पाच ग्लुकोज घटकांमागे दोन बीटा-१,६ शाखा असतात. ती अर्बुदपेशींना थेट न मारता यजमानाची प्रतिकारयंत्रणा जागृत करते, हे या संशोधनाचे वैशिष्ट्य होय. २००१ मध्ये डेक्टिन-१ हा बीटा-ग्लुकान ओळखणारा ग्राहक असल्याचे दिसून आल्याने या क्रियेचा एक दुवा स्पष्ट झाला.

दोन प्रवाहांचा संगम
वाढीच्या माध्यमात सेलेनियमचे क्षार मिसळल्यास अळिंबी ते शोषून घेते. तथापि त्यातील मोठा वाटा सेलेनोमेथिओनिनच्या रूपाने प्रथिनांत जातो. त्यामुळे बहुशर्करेत आढळणारे सेलेनियम शर्करेशी रासायनिक बंधाने जोडलेले आहे, की उरलेल्या प्रथिनांचा व क्षारांचा तो अंश आहे, हा रचनेविषयीचा मूलभूत प्रश्न ठरतो. पेशींवरील व प्राण्यांवरील प्रयोगांत भक्षकपेशी व लसीकापेशी उत्तेजित झाल्याचे आढळते. परंतु सेलेनियमरहित बहुशर्करा आणि केवळ सेलेनियम यांच्याशी तुलना केल्याशिवाय या परिणामाचे श्रेय निश्चित करता येत नाही.

निष्कर्ष :
सेलेनियमने पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग टळेल, या अपेक्षेने ३५,५३३ पुरुषांवर झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत २००८ मध्ये पूरके थांबवावी लागली. अपेक्षित लाभ दिसला नाही. सेलेनियमच्या बाबतीत औषध आणि विष यांतील अंतर केवळ मात्रेचे असते. म्हणूनच रचना सिद्ध होण्यापूर्वी गुणांची ग्वाही देणे योग्य नव्हे, हाच या इतिहासाचा बोध होय.