बालांगोडाचे काळे घन

आनंद कुमारस्वामी म्हटले की आपल्याला नटराज आठवतो. ‘द डान्स ऑफ शिव’ हा १९१८ मधला निबंधसंग्रह, राजपूत चित्रकलेवरचे दोन खंड, बॉस्टनच्या संग्रहालयातले भारतीय दालन. चित्रकार, शिल्पाचे अभ्यासक, संस्कृतचे प्राध्यापक हे नाव आदराने घेतात. मी भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आणि माझ्या विषयात हे नाव वेगळ्याच ठिकाणी येते: थोरियानाइट या दुर्मीळ खनिजाच्या नोंदीत, तेही एखाद्या ओळीपुरते. त्यांच्याविषयी लिहिताना सिलोनच्या खनिज सर्वेक्षणासाठी त्यांनी पायपीट केली ती वर्षे बहुधा भराभर उरकली जातात. माझे म्हणणे असे की तिथेच थांबायला हवे. पुढचा कलेतिहासकार त्या पायपिटीत घडला.

त्यांचा जन्म १८७७ चा, कोलंबोचा. वडील सर मुत्तू कुमारस्वामी हे तमिळ कायदेपंडित, आई एलिझाबेथ बीबी इंग्रज. मूल दोन वर्षांचे असताना वडील गेले आणि ते इंग्लंडमध्येच वाढले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९०० मध्ये त्यांनी भूशास्त्र व वनस्पतिशास्त्रात पहिल्या वर्गाची पदवी घेतली. १९०३ मध्ये ते सिलोनच्या खनिज सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. वय पंचविशीतले. बरोबर पत्नी एथेल, तिच्याकडे कॅमेरा. बैलगाडीने आणि पायी बेट पालथे घालायचे, दगड गोळा करायचे आणि त्यातले व्यापाराच्या कामाचे काय आहे ते सरकारला कळवायचे, असे ते काम होते.

सिलोनचे नशीब तिथल्या खडीत आहे. सबरगमुव प्रांतात, रत्नपूर आणि बालांगोडाच्या खोऱ्यांत, मातीखाली ‘इल्लम’ नावाचा खडीचा थर लागतो. खड्डा खणून हे इल्लम वर काढतात, वेताच्या टोपल्यांत भरतात आणि ओढ्याच्या पाण्यात गरगर फिरवून धुतात. गारगोटीचे विशिष्ट गुरुत्व २.६५, नीलमण्याचे ४, गोमेदासारख्या झिरकॉनचे ४.७ च्या आसपास. हलके वाहून जाते, जड तळाशी राहते. रत्ने शोधणाऱ्याला तळातला काळा गाळ नकोच असतो. पण खनिज ओळखणाऱ्याचे खरे घबाड तोच. झिर्कोनियमचे ऑक्साइड असलेले बॅडेलाइट हेही याच बेटातल्या रक्वान भागातून, १८९० च्या दशकात शास्त्राला मिळाले होते.

बालांगोडाच्या परिसरातल्या अशाच गाळातून काही लहान काळे घन आले. वाहत्या पाण्याने कडा झिजलेल्या, रंग कोळशासारखा किंवा तपकिरीकडे झुकलेला, चमक काहीशी धातूसारखी आणि काहीशी राळेसारखी. कठिनता साडेसहा ते सात, म्हणजे पोलादी चाकूला दाद न देणारी. आणि वजन! विशिष्ट गुरुत्व ९ च्या वर, शिशाच्या जवळ जाणारे. नमुना तळहातावर घेतला की डोळ्यांनी केलेला अंदाज हात खोटा ठरवतो. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले की जड खनिज आधी हातात घ्या आणि मगच भिंग उचला.

कुमारस्वामींना ते युरेनिनाइट, म्हणजे युरेनियमचे ऑक्साइड वाटले. त्या खुणांवरून कुणालाही तसेच वाटले असते. तोच काळा रंग, तेच वजन, तेच घनीय स्फटिक. नमुने लंडनच्या इम्पीरियल इन्स्टिट्यूटमध्ये गेले आणि तिथे विंडहॅम डन्स्टन यांनी रासायनिक पृथक्करण केले. निघाले ते अनपेक्षित होते. पाऊण हिस्सा थोरियम डायऑक्साइड. युरेनियमचे ऑक्साइड जेमतेम एक अष्टमांश. १९०४ मध्ये डन्स्टन यांनी ‘नेचर’मध्ये हे नवे खनिज जाहीर केले आणि त्याला थोरियानाइट हे नाव दिले.

वर्गीकरणाच्या दृष्टीने या खनिजाइतकी शिकवण्याजोगी गोष्ट क्वचित सापडते. थोरियम आणि युरेनियम यांचे अणू आकाराने इतके जवळचे, की स्फटिकात एकाच्या जागी दुसरा सहज बसतो. रचना दोन्हींची फ्लोराइटची: प्रत्येक धातू-अणूभोवती आठ ऑक्सिजन, प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार धातू-अणू. त्यामुळे शुद्ध युरेनिनाइटपासून शुद्ध थोरियानाइटपर्यंत सलग साखळी होते, मध्ये कुठेही तुटत नाही. मग रेघ कुठे मारायची? निम्म्यावर. थोरियम निम्म्याहून जास्त असेल तर थोरियानाइट, युरेनियम जास्त असेल तर युरेनिनाइट. युरेनियमचे प्रमाण बरेच असलेल्या मधल्या नमुन्यांना युरेनोथोरियानाइट म्हणतात. दक्षिण मादागास्करमध्ये १९५० च्या दशकात फ्रेंचांनी त्याच्या खाणी चालवल्या. म्हणजे रंग, कस, कठिनता, स्फटिकाचा आकार या सगळ्या खुणा तपासूनही शेवटचा निवाडा तराजू आणि आम्लच करते. आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. बरीच किरणोत्सर्गी खनिजे स्वतःच्याच माऱ्याने आतून मोडतात, त्यांची स्फटिकरचना विसकटते आणि ती काचेसारखी होतात. थोरियानाइट तो मारा कोट्यवधी वर्षे सोसूनही स्फटिकच राहते.

त्या माऱ्याचा हिशेब मात्र त्याच्या पोटात साठतो. थोरियम व युरेनियम झिजताना बाहेर पडणारे अल्फा कण म्हणजे हेलियमची केंद्रकेच. थोरियानाइट नायट्रिक आम्लात विरघळवले की हा कोंडलेला वायू बुडबुड्यांनी सुटतो. सिलोनच्या नमुन्यांत ग्रॅममागे सुमारे ९ घनसेंटीमीटर, म्हणजे खनिजाच्या आकारमानाच्या ऐंशीपट. पृथ्वीवर हेलियम प्रथम ओळखणारे विल्यम रॅम्झी या खनिजामागे लागले ते यामुळेच. आर. जे. स्ट्रट यांनी याच वायूवरून खडकांचे किमान वय मोजून पाहिले.

रॅम्झींच्या प्रयोगशाळेत १९०४ मध्ये ओटो हान नावाचा जर्मन तरुण इंग्रजी सुधारण्यासाठी आला होता. सिलोनच्या थोरियानाइटपासून काढलेले बेरियमचे क्षार रॅम्झींनी त्याला दिले आणि त्यातले रेडियम वेगळे करायला सांगितले. हानला त्यात रेडियमशिवाय आणखी काही तरी सापडले आणि १९०५ मध्ये रेडिओथोरियम या नव्या किरणोत्सर्गी पदार्थाची नोंद झाली. किरणोत्सर्गाचे अमेरिकेतले अभ्यासक बोल्टवुड यांनी आधी त्याची खिल्ली उडवली. हान मात्र कारखान्यातली नोकरी धरायचा बेत सोडून किरणोत्सर्गाच्या संशोधनातच राहिला. १९३८ मध्ये बर्लिनमध्ये युरेनियमचे विखंडन दाखवणारा हान तो हाच.

व्यापाऱ्यांना हेलियमशी देणेघेणे नव्हते. त्यांना थोरियम हवे होते ते दिव्यासाठी. आउअर फॉन वेल्सबाख यांच्या गॅसबत्तीच्या मेंटलमध्ये ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सीरियम ऑक्साइड असे. आपल्याकडच्या वरातींत डोक्यावर वाहिलेल्या आणि तमाशाच्या फडात टांगलेल्या गॅसबत्त्यांचा पांढराशुभ्र उजेड याच ऑक्साइडचा. त्याचा वितळणबिंदू ३३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, ऑक्साइडांत सर्वांत वरचा. थोरियानाइट इतके समृद्ध होते की त्याला चांगला भाव आला, पण ते होते मूठमूठ. १९०९ मध्ये शोम्बर्ग यांना त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळू सापडली. तिच्यात थोरियम थोडे, पण वाळू अपार. दुर्मीळ घन मागे पडले. स्वतंत्र भारताने केरळमधल्या अलुवा इथे मोनाझाइट फोडून १९५५ पासून तुर्भ्याच्या प्रकल्पात थोरियम शुद्ध करायला घेतले, ते याच वाळूच्या जोरावर.

कुमारस्वामींनी मात्र सिलोन दगडापुरते पाहिले नाही. दगडासाठी गावोगाव हिंडताना त्यांना सुतार, चितारी, विणकर, पितळकाम करणारे भेटले आणि विलायती मालापुढे ही कसबे मरत असल्याचे दिसले. ‘मेडिईव्हल सिंहलीज आर्ट’ हा १९०८ चा ग्रंथ त्यातून उभा राहिला, एथेलच्या छायाचित्रांसह, विल्यम मॉरिसच्या हातछापखान्यावर छापलेला. त्यात वस्तूचे सौंदर्य सांगण्याआधी ती कशाची आणि कशी केली हे येते. ही शिस्त खनिजशास्त्राची आहे. जिथून थोरियानाइट आले, त्याच बालांगोडाच्या मुलखात मुशीत पोलाद करण्याची जुनी रीत जाणणारे अगदी मोजके लोक उरले होते. कुमारस्वामींनी ती क्रिया त्यांच्याकडून करवून घेतली आणि पायरीपायरीने लिहून ठेवली: मातीची नळीसारखी मूस, तिच्यात लोखंडाचा तुकडा, त्यावर रणवराच्या, म्हणजे आपल्या तरवडाच्या, लाकडाच्या ढलप्या, तोंड मातीने बंद आणि मग भट्टी. लोखंडात कार्बन शिरून पोलाद कसे होते हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतेच. तरी लिहिले ते त्या कारागिरांच्या हातांनी जे केले तेच.